कर्सर आपोआप सरकतोय? कीबोर्ड बदलण्याआधी लाल टोपी काढून बघा

लेनोव्होच्या थिंकपॅड लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये कर्सर हलवायला एक लाल बटण असतं: आत बारीक कांडी, वर रबरी टोपी. त्याबद्दल लोक दोनच तक्रारी घेऊन येतात. एक, कर्सर आपोआप पळतो. दोन, बोट दुखतं. येईपर्यंत त्यांनी स्पीडचा स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलेला असतो, ड्रायव्हर दोनदा काढून टाकलेला असतो, आणि कुणीतरी ‘कीबोर्डच बदला’ असा सल्ला दिलेला असतो.

मीही एकदा त्याच वाटेनं गेलोय. नवा कीबोर्ड मागवला आणि तो यायच्या आदल्या दिवशी सहज टोपी उपटून बघितली, तर खाली तीळ. चकलीतला. टोपी आणि ‘बी’ की यांच्यात रुतून बसलेला. दिवाळीपासून कर्सर वर-वर जात होता तो एवढ्यामुळे.

म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. आधी टोपी, मग टचपॅड, मग शून्याची चाचणी, मग हाताची ठेवण, आणि त्यानंतर सेटिंग्ज. घाण टोपीवर जमवलेला स्पीड टोपी धुतली की पुन्हा जमवावा लागतो. हे सगळं थिंकपॅडच्या ट्रॅकपॉइंटला, म्हणजे याच लाल कांडीला, धरून लिहिलंय, पण डेल लॅटिट्यूड किंवा एचपी एलिटबुकच्या जुन्या मॉडेलांत अशी कांडी असेल तर पहिले चार टप्पे जसेच्या तसे चालतील.

## सुरुवातीआधी: ही कांडी काम कशी करते

‘जी’, ‘एच’ आणि ‘बी’ या तीन कीजच्या मधोमध ती बसलेली असते. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत टाइप करणाऱ्यांना सांगायचं तर उकार, ‘प’ आणि ‘व’ यांच्या बेचक्यात. गेमच्या जॉयस्टिकसारखी ती कलत नाही. जवळपास जागची हलतच नाही. बुडाशी असलेले सेन्सर तिच्यावर आडवा जोर किती आणि कुठल्या दिशेनं पडतोय ते मोजतात. जोर जास्त तर कर्सर वेगात, जोर कमी तर सावकाश. माउस किती अंतर सरकला ते मोजतो, ही कांडी जोर मोजते. माउसची सवय असलेला माणूस इथेच फसतो. कर्सर लांब न्यायचा म्हणून तो बोट लांब न्यायला जातो, आणि बोट टोपीवरून घसरतं.

दुसरी गोष्ट शून्याची. वाणी काट्यावर रिकामं भांडं ठेवतो आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणतो. कांडीचं इलेक्ट्रॉनिक्सही अधूनमधून आपणहून तेच करतं: जोर बराच वेळ स्थिर दिसला की ‘सध्या कुणाचा हात नाही’ असं समजून तोच जोर शून्य धरतं. नेमकं त्या वेळी तुमचं बोट टोपीवर टेकलेलं असेल, तर शून्य चुकीचं धरलं जातं. बोट उचललं की कर्सर उलट्या दिशेला निघतो. भांडं उचलल्यावर काटा उणे दाखवतो, तसंच.

हे दोष म्हणून मोजू नका. बोट पूर्ण उचला, काही सेकंद थांबा, शून्य पुन्हा धरलं जातं आणि कर्सर थांबतो. लोक नेमकं उलट करतात: पळणाऱ्या कर्सरला आवरायला टोपी आणखी दाबून धरतात.

तयारीला फार काही लागत नाही. मऊ ब्रश, मायक्रोफायबर कापड, टॉर्च, जमल्यास एक नवी टोपी, आणि मधल्या वेळेपुरता साधा माउस. सध्याच्या सेटिंग्जचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. परत मूळ जागी यायची वेळ हमखास येते.

## टप्पा 1: टोपी काढा, धुवा, फिरवून बसवा

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. टोपी दोन नखांच्या चिमटीत धरून सरळ वर ओढा. निसटत असेल तर चिकटपट्टीचा तुकडा टोपीभोवती गुंडाळून ओढा.

सावधान: टोपी पिळू नका. आतला खांब चौकोनी आहे, त्यामुळे पीळ थेट सेन्सरच्या बुडाशी जातो. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सेफ्टी पिन यांतलं काहीही तिथे न्यायचं नाही.

आता टॉर्च मारून खांबाभोवती बघा. केस, चिवड्याचा चुरा, कापडाचे तंतू, जे असेल ते कोरड्या ब्रशनं बाहेर काढा. फुंकर मारू नका. तोंडातली वाफ आणि थुंकी आत जाते.

टोपी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून जुन्या टूथब्रशनं घासा. निदान एक रात्र वाळू द्या, कारण चौकोनी भोकातलं पाणी सहज सुकत नाही. सॅनिटायझर किंवा स्पिरिट टोपीवर वापरू नका. जुनं रबर त्यानं चिकट होतं आणि मग बोटाला लाल रंग लागत राहतो.

धुऊनही टोपी गुळगुळीत लागत असेल तर तिचं आयुष्य संपलं. बोटदुखीचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच: टोपी घसरते म्हणून आपण बोट खाली दाबतो, दाबलं की पेरं दुखतं, आणि दोष मात्र स्पीडला देतो. नवी टोपी घेताना दोन गोष्टी बघायच्या.

आकार तीन तऱ्हेचे मिळतात. खरखरीत घुमट म्हणजे क्लासिक डोम, ठिपक्याठिपक्यांचा मऊ रुंद घुमट म्हणजे सॉफ्ट डोम, आणि कडा वर आलेली वाटी म्हणजे सॉफ्ट रिम. खरखरीत घुमटाची पकड उत्तम, पण दिवसभराच्या कामात तो कातडी सोलवटतो. वाटीच्या टोपीत बोटाला कडेचा आधार मिळतो, म्हणून कमी जोर पुरतो. दुखऱ्या बोटांसाठी मी तीच सुचवतो.

उंची त्याहून महत्त्वाची. जुन्या जाड लॅपटॉपच्या टोप्या उंच असतात, नव्या बारीक मॉडेलांच्या बुटक्या, आणि त्यांचं आतलं भोकही वेगळं असतं. ‘सगळ्या थिंकपॅडला चालते’ असं लिहिलेलं पाकीट घेऊ नका, आपल्या मॉडेलचा नंबर बघूनच घ्या. बारीक मॉडेलवर उंच टोपी बसवली आणि झाकण बंद केलं, की टोपी स्क्रीनवर टेकते. मग पडद्याच्या मधोमध एक ठिपका उमटतो, तो पुसून जात नाही.

जुनीच टोपी परत बसवणार असाल तर ती 90 अंशांनी फिरवून बसवा. भोक चौकोनी असल्यानं ती चारही बाजूंनी बसते, आणि झिजलेली कड रोजच्या दिशेतून बाजूला जाते.

तपासा: टोपी पूर्ण खाली गेली का? ‘जी’, ‘एच’, ‘बी’ या तिन्ही कीज एकेक दाबून बघा. एखादी की टोपीला घासली तरी कर्सर हलणार. झाकण अलगद लावून उघडा आणि स्क्रीनवर टोपीचा डाग दिसतो का तेही बघा.

## टप्पा 2: आरोपी भलताच तर नाही ना?

कर्सर उडतो आणि कर्सर सरकतो, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. टाइप करता करता कर्सर टुणकन दोन ओळी वर गेला आणि मजकूर भलतीकडे उमटला, तर बहुतेक वेळा तो तळहात टचपॅडला लागल्याचा परिणाम असतो. कांडीचा कर्सर उडत नाही, एका दिशेनं संथ वाहत जातो.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’, मग ‘टचपॅड’ इथे जाऊन टचपॅड बंद करा आणि दिवसभर तसंच काम करा. टचपॅडच्या वरची तीन बटणं कांडीची आहेत, ती चालू राहतात. अपवाद टी440 आणि त्या काळातल्या, म्हणजे 2013-14 च्या मॉडेलांचा. त्यांत वेगळी बटणं नाहीत, टचपॅडचीच वरची पट्टी बटणांचं काम करते. तिथे टचपॅड बंद करण्याआधी साधा माउस जोडून ठेवा, नाहीतर क्लिक करायलाच काही उरणार नाही.

टचपॅड बंद करूनही कर्सर थरथरत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर पाच मिनिटं काम करा. थरथर थांबली तर संशय चार्जरवर आणि अर्थिंगवर. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसून वापरणारी घरं कमी नाहीत. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर आधी ते सॉकेट इलेक्ट्रिशियनला दाखवा. कर्सरचं नंतर बघू.

## टप्पा 3: शून्याची चाचणी

सगळ्यात जास्त घोळ याच टप्प्यात होतो, म्हणून सावकाश करा. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवा. मांडीवर नको, गादीवरही नको.

(अ) रिकामं नोटपॅड उघडा. दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवा आणि एक मिनिट कर्सर बघत बसा. मधे हात लावायचा नाही.

(आ) आता बोट टोपीवर हलकंच टेकवा आणि उजवीकडे अगदी बारीक जोर देऊन 20 सेकंद धरून ठेवा. मग एकदम उचला.

(इ) अर्धा तास नेहमीचं काम करा, मशीन गरम होऊ द्या, आणि (अ) पुन्हा करा.

निकाल असा वाचा. फक्त (आ) नंतर कर्सर उलटीकडे, म्हणजे डावीकडे, थोडा वेळ गेला आणि आपोआप थांबला, तर यंत्रात काही बिघाड नाही. तुमचं बोट टोपीवर विसावतं, एवढंच. उत्तर चौथ्या टप्प्यात आहे. फक्त (इ) मध्ये सरकला, तर उष्णतेचा परिणाम: ताण मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे तापमान बदललं की थोडे हलतात. पंख्याच्या जाळीतली धूळ काढा, लॅपटॉपखाली हवा जाऊ द्या. मशीन गरम झाल्यावर एखाद-दोनदा सरकून थांबत असेल तर सोडून द्या.

(अ) मध्येच, थंड मशीनवर, हात न लावता कर्सर सतत एका बाजूला वाहत असेल, तर लॅपटॉप बंद करून टोपी काढा, पुन्हा सुरू करा आणि टोपीविना तीच चाचणी घ्या. टोपीविना शांत असेल तर टोपी कुठेतरी घासतेय, पहिल्या टप्प्याकडे परत जा. टोपीविनाही वाहत असेल तर थेट सातव्या टप्प्याकडे. मधल्या सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नका, स्पीड कमी केल्यानं वाहणं फक्त हळू होतं.

सावधान: (अ) साठी बॅगेतून नुकताच काढलेला लॅपटॉप वापरू नका. गच्च भरलेल्या बॅगेत झाकण टोपीवर दाबलं गेलेलं असतं आणि एसीतून बाहेर आलेलं मशीन तापमान बदलत असतं. दहा मिनिटं टेबलावर राहू द्या.

## टप्पा 4: हात

बोटाचं टोक वापरायचं नाही, पेराच्या आतला मऊ भाग टोपीवर यायला हवा. नख टोपीला लागत असेल तर बोट फार उभं आहे. मनगट टेबलावर दाबून, फक्त बोट ताणून कर्सर हलवणारे लोक संध्याकाळी कोपरापर्यंत हात चोळत बसतात. खुर्ची अशा उंचीवर घ्या की कोपर कीबोर्डच्या पातळीला येईल.

जोर खाली द्यायचा नाही, आडवा द्यायचा. गंजिफ्रॉकवरचा पापडाचा चुरा बोटानं बाजूला सारतो ना, साधारण तेवढा. आणि कर्सर जागेवर पोचला की बोट उचला. परत कीबोर्डच्या मधल्या ओळीवर (होम रो), ‘जे’ वर न्या, जिथे खूण करायला बारीक रेघ असते, इन्स्क्रिप्टवाल्यांचा ‘र’. ही एक सवय लागली की आपोआप सरकण्याच्या बहुतेक तक्रारी तिथेच संपतात, कारण चुकीचं शून्य धरायला टोपीवर बोटच नसतं.

क्लिक अंगठ्यानं. तर्जनी टोपीवर, अंगठा खालच्या बटणावर, हात जागच्या जागी. बरेच जण कर्सर नेतात तर्जनीनं, मग पूर्ण हात खाली आणून त्याच तर्जनीनं क्लिक करतात. मग माउसच काय वाईट होता? मजकूर ओढून निवडायचा असेल तर उजवी तर्जनी टोपीवर आणि डावा अंगठा डाव्या बटणावर ठेवा. एकाच हातानं दोन्ही करताना पंजा आखडतो.

बोट बदलत राहा. टोपी ‘जी’ आणि ‘एच’ च्या मध्ये असल्यानं डाव्या तर्जनीलाही ती तेवढीच जवळ आहे. सुरुवातीला डाव्या हाताचा कर्सर नशा केल्यासारखा चालतो, आठवड्यात सरळ होतो.

तपासा: अर्ध्या तासानंतर बोटाच्या पेरावर टोपीच्या ठिपक्यांची खोल नक्षी उमटली असेल तर तुम्ही फार दाबताय. रात्री बोटं बधिर होत असतील किंवा मुंग्या येत असतील तर कांडी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा, सेटिंग्जनं ते बरं होणार नाही.

## टप्पा 5: वेग

विंडोजमध्ये वेग दोन ठिकाणी असतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. एक, कांडीची स्वतःची सेन्सिटिव्हिटी. ड्रायव्हर नीट बसला असेल तर ती ‘अ‍ॅडिशनल माउस सेटिंग्ज’ मधल्या थिंकपॅड, ट्रॅकपॉइंट किंवा अल्ट्रानॅव्ह नावाच्या टॅबमध्ये दिसते. दोन, विंडोजचा पॉइंटर स्पीड, जो माउसलाही लागू होतो. टॅबच दिसत नसेल तर लेनोव्होच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

1. विंडोजचा पॉइंटर स्पीड 10 वर आणा. ही मधली, मूळ जागा.
2. कांडीची सेन्सिटिव्हिटी मधोमध ठेवा.
3. हलक्या जोरानं कर्सर स्क्रीनच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला न्या. दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा बोटाला ताण आला तर सेन्सिटिव्हिटी एक खाच वाढवा.
4. मग बारीक काम. वर्डमध्ये ‘पाणीपुरवठा’ लिहा आणि ‘णी’ व ‘पु’ यांच्या मध्ये क्लिक करा. दहापैकी आठ वेळा जमलं पाहिजे. कर्सर पुढे-मागे नाचत असेल तर एक खाच कमी.
5. जे जमेल ते दोन दिवस बदलू नका.

एका वेळी एकच स्लायडर हलवा. दोन्ही टोकाला नेले की कर्सर हातात राहत नाही, आणि कुठल्यानं बिघडलं तेही कळत नाही. घरी माउस आणि बाहेर कांडी असं वापरत असाल तर विंडोजचा स्पीड माउसला जुळवून ठेवा आणि कांडीसाठी फक्त तिची सेन्सिटिव्हिटी हलवा.

‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो गेम खेळणाऱ्यांच्या माउसचा सल्ला आहे. कांडीवर मी ते चालू ठेवतो, कारण हलक्या जोराला कर्सर आणखी संथ होतो आणि वेलांटीच्या कडेला नेमका थांबतो. दोन दिवस चालू, दोन दिवस बंद करून स्वतःच ठरवा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: आधी डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधला पॉइंटर स्पीड वापरा. तेवढ्यानं भागलं नाही तर कर्नलचा ट्रॅकपॉइंट ड्रायव्हर सेन्सिटिव्हिटी आणि स्पीड अशा फाइली दाखवतो. त्यांची मूळ मूल्यं 128 आणि 97, कमाल 255. ड्रिफ्ट टाइम नावाची फाइलही असते, मूळ मूल्य 5. ते वाढवलं की शून्य धरण्याआधी कांडी जास्त वेळ वाट बघते. मशीन रीस्टार्ट झालं की हे आकडे पुसले जातात, म्हणून यूडेव्हचा नियम लिहून ठेवावा लागतो. काही मॉडेलांत कांडी दुसऱ्या कंपनीच्या चिपची असते, तिथे या फाइली दिसतच नाहीत.

## टप्पा 6: मधलं बटण

मधलं बटण दाबून धरा आणि टोपी हलकेच वर किंवा खाली ढकला, पान सरकतं. आधी ढकलून मग बटण दाबलं तर स्क्रोल झटक्यानं सुरू होतं. लिनक्समध्ये बटण दाबून काहीच न ढकलता सोडलं, तर ते मधलं क्लिक ठरतं आणि आधी निवडलेला मजकूर तिथे पेस्ट होतो. कुणाच्या ईमेलमध्ये भलतंच वाक्य घुसलेलं दिसलं तर आधी हे आठवा.

2022 नंतरच्या काही मॉडेलांत टोपीवर दोनदा टकटक केलं की एक छोटा मेन्यू उघडतो. बोट टेकवायची सवय असलेल्यांना तो सारखा आडवा येतो. त्याच्याच सेटिंगमधून तो बंद करता येतो.

## टप्पा 7: एवढं करूनही सरकतोच आहे

लॅपटॉप सुरू होताना लोगो दिसताच एफ1 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. नव्या मॉडेलांत तिथेही कर्सर चालतो. हात न लावता तिथेही तो वाहत असेल तर विंडोज आणि ड्रायव्हर दोघेही निर्दोष आहेत. कांडी अजिबात चालत नसेल तर तिथेच ‘कॉन्फिग’, मग ‘कीबोर्ड/माउस’ मध्ये ट्रॅकपॉइंट ‘एनेबल्ड’ आहे ना ते बघा. सेकंडहँड घेतलेल्या मशीनवर आधीच्या मालकानं ते बंद करून ठेवलेलं असू शकतं.

नुकताच कीबोर्ड उघडला होता, अक्षरं उमटतात पण कांडी मेलेली आहे? चपटी केबल तिरकी बसली असण्याची शक्यता मोठी. कीबोर्ड बदलल्यावरच सरकणं सुरू झालं असेल तर कीबोर्ड मधे फुगलाय का, बोटानं दाबल्यावर लवतो का ते बघा. स्क्रू फार आवळले तरी कीबोर्डखालच्या पट्टीला ताण बसतो आणि तो कांडीपर्यंत पोचतो.

थिंकपॅडमध्ये कांडी कीबोर्डसोबतच येते, त्यामुळे ती गेली की पूर्ण कीबोर्ड बदलायचा. टी420 सारख्या जुन्या मॉडेलात खालचे मोजके स्क्रू काढले की तो निघतो. एक्स1 कार्बनच्या बहुतेक मॉडेलांत मात्र बॅटरी आणि मदरबोर्डसकट जवळपास सगळं बाहेर काढावं लागतं, ते घरी करायचं काम नाही.

दुकानात, मग ते लॅमिंग्टन रोडवरचं असो की गावातलं, पैसे देण्याआधी तिथेच बसून तिसऱ्या टप्प्यातली (अ) आणि (आ) चाचणी घ्या. आपली टोपी सोबत न्या आणि नव्या कांडीवर ती बसवूनच तपासा. ‘जी’, ‘एच’, ‘बी’ दाबून बघा, झाकण लावून उघडा. आणि जुना कीबोर्ड परत मागून घ्या. त्याच्या कीज पुढे कधीतरी उपयोगी पडतात.